छाप आणि माल : एका मोटारगाडीपासून घ्यावयाचा बोध

व्यापारी मंडळाच्या वार्षिक स्मरणिकेत मोटारगाडीचा इतिहास कशासाठी, असा प्रश्न काही सभासद बंधूंच्या मनात येईल. आपल्या मंडळातील बहुतेकांचा व्यवहार किराणा, धान्य, कापड, भांडी आणि सराफी यांचा आहे. मोटारींशी आपला संबंध त्या विकत घेण्यापुरता. तथापि ज्या एका प्रश्नावर आपल्यात अलीकडे वारंवार वाद होतो, त्याचे उत्तर दुकानाच्या चोपड्यांत शोधण्यापेक्षा एका मोटारीच्या चरित्रात अधिक स्पष्ट सापडते, असे आम्हांस वाटते. तो प्रश्न असा : माल एकाने बनवावा, छाप दुसऱ्याने लावावी आणि ती छाप पाहून तिसऱ्याने माल घ्यावा, या व्यवहारात सचोटी कितपत राहते?

वाद उपस्थित होण्यास कारण अगदी साधे घडले. आमच्या ओळखीच्या एका दुकानातून नेलेले बेसन खवट निघाले. गिऱ्हाईक पाकीट घेऊन परत आले. पाकिटावर पेढीचे नाव ठळक अक्षरांत छापलेले होते. दुकानदाराने सांगितले की, बेसन आम्ही दळत नाही. ते बाहेरून तयार होऊन येते आणि आमच्या पाकिटांत भरले जाते. गिऱ्हाईक म्हणजे एक वृद्ध गृहिणी होती. तिने शांतपणे विचारले की, दळणारा कोण हे मला ठाऊक नाही, मी तर तुमचे नाव पाहून घेतले. आता मी जाब कोणाला विचारू? दुकानदाराने पैसे परत केले, पण त्या प्रश्नाचे उत्तर त्याच्याजवळ नव्हते. ही हकीकत मंडळात निघाली तेव्हा काही वडीलधाऱ्यांनी दुसऱ्याच्या मालावर आपली छाप लावणे ही फसवणूकच होय, असे मत दिले. तरुण सभासदांचे म्हणणे असे पडले की, आज सारा व्यापारच या रीतीने चालतो. यात दोष काढणारे काळाच्या मागे राहिले आहेत. आमच्या अल्पमतीने ही दोन्ही मते अपुरी आहेत. ती अपुरी का, हे सांगण्यासाठीच हा मोटारीचा दाखला आम्ही घेत आहोत.

१९५६ साली भोपाळ मध्य प्रदेशाची राजधानी झाले, त्यानंतरच्या काळात सरकारी कचेऱ्यांच्या दारी अँबॅसडर गाडी उभी दिसू लागली. व्यापारी घरांत जी गाडी आली ती बहुधा फियाट. चौकातील आणि जुमेरातीतील ज्या कुटुंबांची ऐपत मोटार बाळगण्याइतकी झाली, त्यांच्यापैकी अनेकांची पहिली गाडी हीच होती. आमच्याही घरी ती होती. तिच्या अंगावर ‘प्रीमियर पद्मिनी’ अशी अक्षरे होती. परंतु घरची वडील माणसे तिला अखेरपर्यंत ‘फियाट’ म्हणत. गाडी दुरुस्त करणारा मिस्त्री फियाट म्हणे, सुटे भाग विकणारा फियाट म्हणे आणि गाडी जेव्हा विकली तेव्हा घेणाऱ्यानेही ‘फियाट आहे का?’ असेच विचारले. बिल्ला बदलला तरी लोकांच्या जिभेवरचे नाव बदलले नाही. गिऱ्हाईक छाप पाहते हे खरे; पण माल मुळात कोठला, हेही ते विसरत नाही.

मोटारींच्या धंद्यात बिल्लाबदलाच्या या पद्धतीस ‘बॅज इंजिनिअरिंग’ असे भारदस्त नाव आहे. क्रिया मात्र साधी आहे. गाडीचा सांगाडा, यंत्र, चाके सारे तेच ठेवावयाचे. बॉनेटवरचा बिल्ला, पुढची जाळी आणि थोडी सजावट बदलावयाची. आणि तीच गाडी दुसऱ्या नावाने विकावयाची. ही युक्ती आपल्याकडची नव्हे. इंग्लंडात १९५९ साली जी छोटी मिनी गाडी निघाली, ती एकाच कंपनीने ‘ऑस्टिन सेव्हन’ आणि ‘मॉरिस मिनी-मायनर’ अशा दोन नावांनी बाजारात आणली, कारण दोन्ही नावांचे जुने विक्रेते आणि निष्ठावंत गिऱ्हाईक वेगवेगळे होते. इटलीच्या फियाट कंपनीने १९३७ साली काढलेली ११०० क्षमतेची गाडी फ्रान्समध्ये ‘सिम्का’ या छापेने विकली गेली, आणि जर्मनीत हाइलब्रॉन येथे जुळवलेल्या फियाट गाड्या पुढे ‘नेकर’ या नावाने खपल्या. याच ११०० च्या घराण्यातील गाडी पुढे आपल्या देशात पद्मिनी झाली. तेव्हा नुसत्या छापबदलास कोणी फसवणूक म्हणत असेल, तर जगातील निम्म्या मोटारधंद्यास त्या शब्दाने संबोधावे लागेल.

पद्मिनीची कथा मात्र छापेपासून सुरू होत नाही. ती एका व्यापाऱ्याच्या जिद्दीपासून सुरू होते. वालचंद हिराचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूरच्या एका दिगंबर जैन व्यापारी कुटुंबात झाला. घरचा व्यवहार सावकारी आणि कापसाचा होता. त्यांनी तो सोडून बांधकामाचे ठेके घेतले, १९१९ साली सिंदिया कंपनीच्या उभारणीत भाग घेऊन परकीय जहाज कंपन्यांशी स्पर्धा मांडली, १९४० साली बंगळूर येथे विमानांचा आणि १९४१ साली विशाखापट्टण येथे जहाजबांधणीचा कारखाना सुरू केला. त्या काळी अमेरिकन मोटार कंपन्या मुंबईत गाड्यांचे सुटे भाग आणून जुळवीत असत. जनरल मोटर्सचा असा कारखाना १९२८ पासून मुंबईत होता. जुळवणी येथे होई, परंतु विद्या तेथेच राही. गाडी जुळवावयाची नव्हे तर घडवावयाची, हा वालचंदांचा आग्रह होता. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनीही मोटार कारखान्याची योजना तयार केली होती. वालचंदांनी अमेरिकेत जाऊन वाटाघाटी केल्या आणि क्रायस्लर कंपनीशी करार जुळवला. युद्धाच्या काळात परकीय सरकारने या उद्योगास हात दिला नाही. तरीही १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली आणि १९४७ साली मुंबईतील कुर्ला येथील तिच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या.

या पहिल्या गाड्यांवर डॉज, प्लिमथ आणि डिसोटो अशी तीन नावे असत. वस्तुतः त्या बव्हंशी एकच गाडी होत्या; बिल्ले तेवढे निराळे. म्हणजे कुर्ल्याच्या कारखान्याने छापबदलाचा धडा आरंभीच गिरवला होता. पन्नाशीच्या प्रारंभी कंपनीने इटलीच्या फियाटशी करार केला आणि १९५४ साली फियाट ११०० ही छोटी गाडी भारतात आणली. वालचंद ती पाहावयास राहिले नाहीत. ८ एप्रिल १९५३ रोजी त्यांचा देहान्त झाला होता. त्याच सुमारास भारत सरकारने जकात आयोगाच्या शिफारशीवरून असे धोरण ठरवले की, ज्या कंपन्या भाग येथेच बनवण्याचा टप्प्याटप्प्याचा कार्यक्रम मान्य करतील त्यांनीच येथे राहावे. फोर्ड आणि जनरल मोटर्स या केवळ जुळवणी करणाऱ्या कंपन्यांनी त्यानंतर येथील कारखाने आवरले. प्रीमियर मात्र राहिली. उत्तरपाड्याची हिंदुस्तान मोटर्स आणि मद्रासची स्टँडर्ड यांनीही हीच वाट धरली. हिंदुस्तान मोटर्सची अँबॅसडर म्हणजे इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, हे सर्वांस माहीत आहेच.

येथून पुढचा वीस वर्षांचा काळ आम्ही या गाडीचा खरा गौरवकाळ मानतो. बिल्ला परका होता, पण दर वर्षी बिल्ल्याखालचा माल अधिकाधिक आपला होत होता. आधी लहान भाग, मग यंत्राचे भाग, मग पत्र्याचा सांगाडा, असे करीत १९६० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत गाडीचा बहुतेक सर्व भाग देशातच तयार होऊ लागला. मुंबई आणि पुण्याच्या परिसरात ओतकाम, काच, रबर, वीजसामान आणि स्प्रिंगा करणारे शेकडो छोटे कारखानदार या कामावर वाढले. १९६४ च्या सुमारास तिचे ‘डिलाइट’ हे रूप आले. १९६२ साली इटलीत निघालेल्या ‘११०० डी’चा तो आराखडा. १०८९ घन सेंटिमीटरचे साधे चार नळकांड्यांचे यंत्र, सुकाणूच्या दांड्यावरचा गिअर आणि गल्लीतल्या मिस्त्रीसही सहज उलगडेल अशी रचना, या गुणांवर ती गाडी लोकप्रिय झाली.

सत्तरीच्या आरंभी फियाटशी असलेल्या कराराची मुदत संपली. गाडीस प्रथम ‘प्रेसिडेंट’ असे नाव मिळाले आणि १९७४ साली चितोडच्या राणीवरून ‘पद्मिनी’ हे नाव पडले. स्वदेशी माणसास आनंद व्हावा अशीच ही घटना. वीस वर्षांच्या श्रमाने गाडी आपली झाली आणि आता नावही आपले झाले. परंतु इतिहासाकडे निःपक्षपाती दृष्टीने पाहिले तर एक विपरीत गोष्ट दिसते. ज्या दिवशी छाप आपली झाली, त्याच सुमारास शिकणे थांबले. इटलीत ११०० ची मालिका १९६९ सालीच बंद झाली होती. आपल्याकडे मात्र १९६२ चा तो सांगाडा किरकोळ फेरफारांनिशी १९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत कारखान्यातून बाहेर पडत राहिला. पहिल्या वीस वर्षांत नाव परके होते आणि काम आपले होत होते. पुढच्या पंचवीस वर्षांत नाव आपले होते आणि कामात नवे काही होत नव्हते. या दोन काळांतील फरक ओळखणे हेच या लेखाचे प्रयोजन आहे.

याचा सारा दोष कंपनीच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. त्या काळी गाडीची किंमत सरकार ठरवी. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि त्याचा निकाल १९७१ साली लागला. उत्पादन वाढवावयास परवाना लागे, यंत्रे आणावयास परकीय चलन लागे आणि दोन्ही दुर्मिळ होती. नफ्याची जागा नाही तेथे नव्या आराखड्यासाठी भांडवल कोठून यावे? हा युक्तिवाद आम्हांस मान्य आहे. तथापि तो पुरता मान्य नाही. गिऱ्हाईक पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाहत होते. नवी गाडी हाती आलेला माणूस ती दुसऱ्या दिवशी अधिक किमतीस विकू शकत होता. माल कसाही असला तरी खपतोच, हे एकदा ठरले की कोणत्याही पेढीचे हात सैल पडतात. वालचंदांच्या काळात सरकार परके होते, युद्ध चालू होते, यंत्रसामग्री मिळत नव्हती. तरी त्यांनी कारखाना काढला. अडचण नव्हती म्हणून त्यांनी काम केले असे नाही, आणि अडचण होती म्हणूनच पुढे काम थांबले असेही म्हणता येत नाही.

१४ डिसेंबर १९८३ रोजी दिल्लीजवळच्या गुडगावच्या मारुती कारखान्यातील पहिल्या गाडीची किल्ली गिऱ्हाइकाच्या हाती देण्यात आली आणि पद्मिनीचा दिवस मावळू लागला. मारुती हीसुद्धा मूळची जपानच्या सुझुकी कंपनीची गाडी, म्हणजे पुन्हा परका आराखडा आणि आपले नाव. प्रीमियरने १९८५ साली ‘११८ एनई’ ही गाडी काढली, तिचा सांगाडा जुन्या फियाट १२४ चा आणि यंत्र जपानी निसानच्या आराखड्याचे. २००९ साली याच कंपनीची ‘रिओ’ नावाची गाडी चिंचवडहून निघाली. तिची मूळ कल्पना जपानी, सांगाडा चिनी कंपनीकडून आलेला, यंत्र फ्रेंच आराखड्याचे आणि बिल्ला प्रीमियरचा. साठ वर्षांच्या अनुभवानंतरही नवी गाडी जुळवूनच करावी लागावी, याहून खेदाची गोष्ट कोणती? २०२१ साली या कंपनीविरुद्ध नादारीच्या कायद्याखाली प्रक्रिया सुरू झाली. मुंबईच्या रस्त्यांवरील काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींपैकी अखेरची गाडी २००३ साली नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत भरून तीही ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. कुर्ल्यास ‘प्रीमियर रोड’ हे रस्त्याचे नाव उरले आहे.

आता याच नाण्याची दुसरी बाजू पाहावी. पुण्याच्या टाटा कारखान्याने १९९८ साली ‘इंडिका’ ही छोटी गाडी बाजारात आणली. तिच्या बाह्य रूपास इटलीच्या कलाकारांचे साहाय्य असले तरी गाडी कोणा परदेशी गाडीची नक्कल नव्हती. ती येथेच मुळापासून सिद्ध झाली होती. २००३ साली इंग्लंडच्या एमजी रोव्हर कंपनीने हीच इंडिका पुण्याहून नेऊन, तिचा बिल्ला बदलून ‘सिटीरोव्हर’ या नावाने आपल्या देशात विकावयास काढली. वाचकांनी येथे थोडे थांबावे. ज्या ब्रिटिश उद्योगसमूहाच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून आपली अँबॅसडर निघाली, त्याचीच ही कंपनी वारस होती. जिच्या घराण्याची छाप आपण एके काळी उसनी घेतली, तिच्यावर आपला माल घेऊन त्यावर स्वतःची छाप लावण्याची वेळ आली होती. जुने, मानाचे नाव होते. पण नवी छोटी गाडी घडवण्याचे बळ घरात उरले नव्हते. गाडीत विशेष भर न घालता नावाच्या जोरावर किंमत मात्र चढी ठेवली, अशी टीका तेथील वृत्तपत्रांनी केली. गाडी फारशी चालली नाही, आणि एप्रिल २००५ मध्ये ती कंपनीच बुडाली. तिच्या बुडण्यास कारणे पुष्कळ होती. परंतु केवळ नावावर घर तगत नाही, हे त्यातून निर्विवाद सिद्ध झाले.

मग छापबदल करणाऱ्याची गती नेहमी अशीच होते काय? तसेही नाही. मारुतीने आपल्या भारतीय अभियंत्यांकडून शिकण्याचे काम थांबू दिले नाही. २०१६ साली निघालेली ‘विटारा ब्रेझा’ ही गाडी प्रामुख्याने येथील अभियंत्यांनी विकसित केली, आणि २०२० साली तीच गाडी टोयोटाने ‘अर्बन क्रूझर’ या नावाने आपल्या बिल्ल्याखाली विकली. त्याआधी २०१९ साली मारुतीची ‘बलेनो’ ही टोयोटाच्या दुकानांत ‘ग्लान्झा’ म्हणून आली होती. माल एकच; मात्र त्या वेळी मारुती दोन वर्षांची किंवा ४० हजार किलोमीटरची हमी देत असे, आणि टोयोटाने ग्लान्झास तीन वर्षांची किंवा एक लाख किलोमीटरची हमी दिली. दुसऱ्याने केलेल्या मालाबद्दल मूळ निर्मात्याहून अधिक जबाबदारी स्वीकारणे, हा त्या बिल्ल्याचा अर्थ होता. गिऱ्हाइकाने बिल्ल्यासाठी पैसे दिले तर त्या पैशांच्या बदल्यात त्यास काहीतरी मिळाले. हीच बलेनो दक्षिण आफ्रिकेत ‘स्टारलेट’ या नावाने टोयोटाच्या दुकानांत गेली. शिकणाऱ्याच्या मालास परक्या छापेची लाज वाटत नाही.

या सर्व दाखल्यांचा मथितार्थ आम्ही थोडक्यात असा काढतो. उसनी छाप किंवा उसना माल हा स्वतः पापाचा विषय नाही. तो एक मुदतीचा व्यवहार आहे. कर्ज घेऊन पेढी वाढवावी, तसेच दुसऱ्याची विद्या घेऊन आपले काम वाढवावे. परंतु कर्जास जशी परतफेडीची मुदत असते तशी या उसनवारीसही असते. मुदतीत जो शिकला तो मालक झाला; जो केवळ व्याज भरत बसला त्याची मालमत्ता गेली. आपल्या भोपाळातच याचे चांगले उदाहरण आहे. येथील अवजड विजेच्या यंत्रांचा कारखाना १९५६ साली स्थापन झालेल्या सरकारी कंपनीने ब्रिटिश कंपनीच्या तांत्रिक साहाय्याने उभारला आणि ६ नोव्हेंबर १९६० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तो राष्ट्रास अर्पण झाला. आराखडे परके होते. पण येथील तरुण अभियंते शिकावयास इंग्लंडात पाठवले गेले आणि शिकण्याची व्यवस्था पहिल्या दिवसापासून कामाचा भाग होती.

आता आपल्या दुकानाकडे वळावे. आज हिंग, बेसन, मसाले, पापड, साबण, चादरी असा पुष्कळ माल दुसरीकडे तयार होऊन आपल्या सभासदांच्या नावाने विकला जातो. कायद्याने यास बंदी नाही. वैधमापनाच्या आवेष्टित वस्तूंविषयीच्या २०११ च्या नियमांप्रमाणे पाकिटावर निर्मात्याचे अथवा आवेष्टन करणाऱ्याचे नाव-पत्ता देणे मात्र बंधनकारक आहे. कायदा येथवर येऊन थांबतो. आपली परंपरा त्यापुढे जाते. अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘प्रतिरूपक व्यवहार’ हा एक गणला आहे. चांगल्या मालात हलका माल मिसळून किंवा खऱ्यासारखा दिसणारा खोटा माल देऊन व्यवहार करणे, असा त्याचा अर्थ शास्त्रकार सांगतात. छापबदल आणि प्रतिरूपक व्यवहार एक नव्हेत. परंतु ज्या क्षणी आपण गिऱ्हाइकास आपल्या नावावर विश्वास ठेवावयास लावतो आणि माल बिघडला की ‘तो आमचा नव्हे’ म्हणून हात झटकतो, त्या क्षणी या दोहोंतील अंतर फारच थोडे उरते. वडीलधाऱ्यांची शंका या जागी खरी आहे. तरुणांचे म्हणणेही खरे आहे, पण जबाबदारी आणि अभ्यास या दोन अटी पाळल्या तरच.

सबब सभासद बंधुभगिनींच्या विचारार्थ आम्ही तीन सूचना नम्रपणे पुढे ठेवतो. पहिली, आपल्या छापेचा माल दुसऱ्याने बनवला असेल तर त्याचे नाव आणि गाव कोपऱ्यात बारीक अक्षरांत न दडवता सहज वाचता येईल असे छापावे. फियाट हे नाव लोक विसरले नाहीत, म्हणून पद्मिनीचे काही बिघडले नाही. उलट त्या नावाच्या ओळखीने तिचे सुटे भाग गावोगाव मिळाले. दुसरी, ज्या मालावर आपले नाव आहे त्याची पूर्ण हमी आपण द्यावी. गिऱ्हाइकाने दळणाऱ्याच्या गावी जावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. निर्मात्याशी करार करतानाच खराब मालाचा भार कोणी सोसावयाचा हे ठरवून घ्यावे, म्हणजे गिऱ्हाइकासमोर संकोच पडत नाही. तिसरी, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची, अशा मालावर होणाऱ्या नफ्याचा काही अंश दर वर्षी शिकण्यासाठी बाजूला काढावा. घरातील एका मुलाने किंवा मुलीने तो माल कसा होतो, डाळ कोठून येते, ओलावा किती असावा, पाकीट कोणते टिकते, याचे रीतसर ज्ञान घ्यावे. पाच-दहा वर्षांत आपली गिरणी काढता आली तर उत्तमच. न आली तरी माल पारखणारा जाणता माणूस पेढीत तयार होईल, आणि जाणत्या छापेची किंमत गिऱ्हाईक आनंदाने देते.

यावर असा आक्षेप येईल की, लहान दुकानदारास हे परवडणार कसे? आक्षेप रास्त आहे. एकट्याने परवडत नसेल तर दहा जणांनी मिळून करावे. व्यापारी मंडळाचे प्रयोजन याहून दुसरे काय? मालाची तपासणी करणारी एक छोटी सामाईक व्यवस्था आणि तरुण सभासदांसाठी वर्षातून एकदा एखाद्या कारखान्याची अभ्यासभेट, एवढ्याने आरंभ होऊ शकेल. वालचंदांनाही सारे एकट्याने करता आले नव्हते. सिंदिया कंपनीत त्यांच्यासमवेत नरोत्तम मोरारजी यांच्यासारखे धुरीण होते आणि भांडवल अनेकांनी घातले होते.

पद्मिनी आम्हांस आजही प्रिय आहे. तिने हजारो कुटुंबांस प्रथमच लग्नाला, तीर्थयात्रेला आणि इस्पितळात नेले. मुंबईत टॅक्सीचालकांच्या कित्येक पिढ्यांचे पोट तिने भरले. तिच्यावर दोषारोप करण्याचा आमचा हेतू नाही. तिच्या पहिल्या वीस वर्षांचा कित्ता आपण घ्यावा आणि पुढच्या पंचवीस वर्षांची चूक टाळावी, एवढेच आमचे मागणे आहे. त्या वृद्ध गृहिणीने विचारलेला प्रश्न मंडळाच्या येत्या सर्वसाधारण सभेत विचारास घ्यावा, अशी कार्यकारिणीस आमची विनंती आहे. गिऱ्हाईक पाकीट घेऊन पुन्हा आपल्या दारी येईल, तेव्हा ‘जाब आम्हांलाच विचारा’ असे उत्तर आपल्यापैकी प्रत्येकास निःसंकोच देता यावे.